खरिवल्यांच्या खड्ड्यातला खंड्या

मुलीच्या सासऱ्याकडे जेवायला गेलेल्या माणसाने आमटीची तारीफ करावी, पावसापाण्याचं बोलावं आणि सुपारी कातरून झाली की आपल्या गावची गाडी धरावी. हैबतराव खरिवल्यांना हे पक्कं माहीत होतं. पण पेणला दत्तात्रेय कडूंच्या घरी, दुसऱ्या वेळचा भात पानात पडत असताना, कडू सहज म्हणाले की कारखान्यामागच्या अंगणातून आपण वर्षभरात चाळीसच्या वर जातींचे पक्षी बघितलेत. आणि हैबतरावांच्या तोंडून घास तोंडात असतानाच निघून गेलं, "आमच्या रोह्याला त्याहून जास्ती असतील."

शेजारी बसलेल्या हौसाबाईंनी नवऱ्याच्या पायावर पाय दिला. त्याचा उपयोग झाला नाही. कडूंचा कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा. सोंडेला रंग देत बारा महिने काढलेला हा शांत माणूस. त्याने हसून मान डोलावली आणि म्हटलं, "मग यादी करा की, व्याही. बघू कोणाचं अंगण मोठं."

झालं ते एवढंच. याला कोणी पैज म्हणणार नाही. पण परतीच्या वाटेवर हैबतरावांचा चेहरा बघून हौसाबाईंना कळलं की घरात आता काहीतरी नवं शिरलं आहे.

इथे एक सांगायला हवं. तोवर हैबतरावांच्या लेखी पक्ष्यांचे दोन प्रकार होते, कावळा आणि इतर. पण त्यांची सगळी नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर म्हणून गेली होती, आणि एकदा मोजायचं म्हटलं की माल कुठला हे स्टोअरकीपर बघत नाही. त्यांनी एका वहीत जुन्या स्टॉकबुकात असतात तसे रकाने आखले. मालाचं नाव, आवक, जावक, शेरा. जावकचा रकाना पहिल्या दिवसापासून डोकं खाऊ लागला, कारण आलेला प्रत्येक पक्षी जात होता. शेवटी त्यांनी तो तसाच कोरा ठेवला. नोकरीत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

नियम फोनवर ठरले. आपले पाय आपल्या आवारात हवेत. नुसता आवाज ऐकून भागणार नाही, डोळ्यांना दिसला पाहिजे. वरून उडत गेलेला चालेल. हा नियम कडूंनी घालून घेतला, कारण त्यांच्या डोक्यावरून खाडीकडे बगळ्या-करकोच्यांची रहदारी असते. पाळलेले पक्षी चालणार नाहीत. आणि नवीन जात नोंदवायची तर बाहेरचा साक्षीदार लागेल. बायको चालणार नाही. हौसाबाई म्हणाल्या की मला चालवून घेतलं असतं तरी मी आले नसते.

बाहेरचा साक्षीदार म्हणजे कुंपणापलीकडच्या कृष्णाबाई. त्यांची नजर घारीसारखी होती आणि स्वभाव कोर्टातल्यासारखा. हैबतराव पेरूखालून दबक्या आवाजात हाक मारायचे, कृष्णाबाई हातातलं काम टाकून यायच्या, वर बघायच्या आणि म्हणायच्या, "काळं व्हतं कायतरी." शेपूट दुभंगलेलं होतं का, हे विचारलं तर म्हणायच्या, मी शेपूट बघाया आली नव्हती. अशा साक्षीवर कोतवाल पक्षी तीन वेळा नामंजूर झाला.

तरीही यादी वाढली. तांबट आला, हळद्या आला, शेवग्यावर शिंजीर आला, नाचण तर शेपटीचा पंखा उघडून हौसाबाईंच्या दोरीवरच्या कपड्यांत नाचून गेली. गल्लीतून सल्ले येऊ लागले. समोरच्या मोरूशेठनी सांगितलं की आरसा टांगा, पक्षी स्वतःलाच बघायला येतो. आरसा टांगला. त्यात स्वतःला बघायला मोरूशेठच यायचे, दाढी झाल्यावर. कोणी म्हणालं तांदूळ टाका. तांदूळ टाकले, तर कृष्णाबाईंच्या कोंबड्या कुंपणाखालून आल्या आणि उरलेल्या सृष्टीला त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. हैबतरावांनी त्या हुसकल्या. हुसकताना जरा जास्तच बोलले. म्हणाले, "ह्यांना काय करू? ह्या पक्ष्यांत धरत नाय."

कृष्णाबाईंनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं साक्षीला येणं बंद झालं.

तोवर दुसरीकडून घरात एक खरं काम उभं राहिलं होतं. मुलीला, प्रणिताला, दिवस गेले होते आणि ती सातव्यात बाळंतपणासाठी रोह्याला येणार होती. खरिवल्यांचा संडास परसाच्या टोकाला, आणि पावसाळ्यात तिथवरची फरशी शेवाळाने अशी होते की धडधाकट माणूसही भिंतीला धरून जातो. हौसाबाईंनी सांगून टाकलं की पोरगी यायच्या आत घराला लागून नवा संडास झाला पाहिजे, कमोडचा. काळुराम गवंडी आला, त्याने जागा बघितली आणि गल्लीच्या बाजूला टाकीसाठी माणूसभर खोल खड्डा खणून घेतला. मग पाऊस लागला. काळुरामाची माणसं भातलावणीला आपापल्या गावी गेली, आणि खड्डा तसाच राहिला.

एका सकाळी हैबतराव छत्री घेऊन खड्ड्यात पाणी किती साठलं ते बघायला गेले, आणि त्यांच्या कानाजवळून रंगाची एक रेघ गेली. चिमणीएवढा जीव. पोट पिवळंधमक, डोक्यावर केशरी-जांभळी झाक, पंख गर्द निळे, आणि चोच लाल, अंगाच्या मानाने भलतीच मोठी. तो खड्ड्याच्या लाल मातीच्या भिंतीला थडकल्यासारखा झाला, मातीचा एक कण उडवला आणि परत गेला. भिंतीत बोटभर बीळ पडलं होतं. हैबतराव छत्री मिटून पावसातच उभे राहिले. छत्री का मिटली, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

त्यांनी पाठवलेला फोटो धूसर होता तरी पेणहून प्रणिताचं उत्तर लगेच आलं. हा तिबोटी खंड्या. पावसात मातीच्या भिंतीत घरटं करतो. बाबा, कोणाला जवळ जाऊ देऊ नका. आणि शेवटी लिहिलं होतं की सासऱ्यांच्या यादीत हा नाही.

त्या दिवशी हैबतराव दोन घास जास्त जेवले. जेवून उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पाऊस उघडला की काळुराम येणार, आणि त्याच भिंतीला काँक्रीट लागणार.

हौसाबाईंचं म्हणणं साधं होतं. पोरगी पोटुशी आहे, पक्षी नाही. हैबतरावांनी सांगितलं की पक्षीसुद्धा एका अर्थी पोटुशीच आहे. हे बोलायला नको होतं. त्यानंतर घरात बरेच दिवस वाढणं आणि जेवणं एवढाच व्यवहार राहिला. पण हैबतरावांचं ठरलं होतं. पोरीला संडास मिळेल आणि खंड्याला भिंत मिळेल. कसं, ते अजून ठरायचं होतं.

पहिली अडचण पाण्याची. खड्डा भरला असता तर बीळ बुडालं असतं. त्यांनी वर पत्रे टाकले, एक बाजू पाखराला यायला-जायला उघडी ठेवली, आणि रोज सकाळी खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला शिडी लावून बादलीने पाणी उपसायला लागले. गल्लीतून शाळेत जाणारी पोरं थांबून बघायची. आयुष्यभर इस्त्रीच्या शर्टात कंपनीच्या बसमधून उतरलेला माणूस आता लेंगा गुडघ्यावर बांधून स्वतःच्या संडासाच्या खड्ड्यात उभा होता, आणि मोरूशेठ वरून सांगत होते की बादली अशी नाही, तशी धरा.

त्याच मोरूशेठनी पुढे नगरपालिकेत अर्ज केला. उघड्या खड्ड्याने डास होतात, असा. त्यांचंही फार चुकलं नव्हतं. कचेरीतून कागद आला, खड्डा बुजवा किंवा काम पूर्ण करा. हैबतराव इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले. टेबलावरचा कारकून सज्जन होता. त्याने मुदतवाढीचा छापील नमुना काढला आणि काम थांबल्याचं कारण विचारलं. नमुन्यात कारणं दिलेली होती. निधीचा अभाव, न्यायालयीन वाद, अर्जदाराचा मृत्यू. हैबतरावांनी पक्षी सांगितला. कारकुनाने पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि मदत म्हणून म्हणाला की मृत्यू लिहिला तर मुदत सगळ्यात जास्त मिळते. हैबतरावांनी ते नाकारलं. मग 'इतर' या शब्दासमोर 'कौटुंबिक मतभेद' असं लिहिलं गेलं. घरची परिस्थिती बघता त्यात खोटं काही नव्हतं. फक्त काम चालू असल्याचा फोटो जोडायला लागेल, असं कारकून म्हणाला. तो फोटो आजही त्या फायलीत असेल. पत्र्याशेजारी फावडं घेऊन उभे असलेले हैबतराव, आणि मागे पाठ फिरवून बसलेल्या हौसाबाई.

दुसरी अडचण मोठी होती. टाकीच नाही तर संडास चालणार कुठे? मधे पावसाने चार दिवस उघडीप दिली तेव्हा काळुराम आला, खड्ड्याला वळसा घालून संडासाच्या भिंती उभ्या केल्या, कमोड बसवला आणि मग कानावर पेन्सिल ठेवून विचारात पडला. तो म्हणाला की शेजारणीची टाकी मोठी आहे आणि अर्धी रिकामी. तिथे पाइप जोडला तर यंदाचं भागेल.

म्हणजे हैबतरावांनी कृष्णाबाईंच्या दारात जायचं, आणि आमच्या घरचं तुमच्या टाकीत येऊ द्या असं म्हणायचं. मराठी भाषेत ही गोष्ट प्रतिष्ठेने मांडता येत नाही. त्यांनी रात्रभर वाक्यं जुळवून पाहिली. सकाळी दारात उभे राहिले तेव्हा कृष्णाबाई कोंबड्यांना कोंडा घालत होत्या. हैबतरावांनी सुरुवात हवेपासून केली, पावसावर आले, प्रणिताच्या तब्येतीवर आले आणि तिथे अडकले.

कृष्णाबाई म्हणाल्या, "काळुरामानं सांगितलंय मला. पोरीसाठी हाय, मी नाय म्हणणार नाय. पन माझ्या कोंबड्या तुमच्या वहीत घाला आदी."

हैबतरावांना वाटलं गंमत आहे. गंमत नव्हती.

"सगल्या गल्लीत सांगितलंत, त्या पक्ष्यांत नाय म्हणून. पंख हायत, चोच हाय, अंडी घालतात. तुमच्या त्या काल्या शेपटीवाल्यानं कवा अंडं दिलं तुमाला?"

मुद्दा स्टोअरकीपरलाही पटला. पण नियम होता. पाळलेले चालणार नाहीत, असं व्याह्यांना शब्द देऊन झालं होतं, आणि न आलेला माल आवकेत दाखवणं हैबतरावांना पगारावर असतानाही जमलं नव्हतं. ते घरी येऊन वही पुढ्यात घेऊन बसले. शेवटी मागच्या बाजूने एक नवं पान उघडलं, वर 'शेजारून आवक' असा मथळा घातला आणि खाली लिहिलं, कोंबडी, गावठी, कृष्णाबाईंची, देखणी. शेवटचा शब्द नियमात बसत नव्हता, पण तो लिहिल्यावर त्यांना बरं वाटलं. कृष्णाबाईंच्या नव्या अटीप्रमाणे ते गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचण्यात आलं. मोरूशेठनी टाळी वाजवली. पाइप जोडायला परवानगी मिळाली, आणि जाता जाता कृष्णाबाईंनी खड्ड्यात डोकावून सांगितलं की आत पिल्लं आहेत, आवाज येतोय.

पण कृष्णाबाईंची टाकी जरा चढावर. काळुराम म्हणाला, "पान्याला उतार पायजे, काका. नायतर तुमचं तुमच्याकडंच येल." म्हणून संडासाची जमीन उचलायला लागली. एक थर झाला, पाणी ओतून बघितलं, पुरलं नाही. आणखी एक थर झाला. करता करता कमोड असा उंचावर गेला की त्याला पायऱ्या कराव्या लागल्या, आणि पोटुशी पोरगी पायऱ्या चढणार म्हणून त्यांना कठडा करावा लागला. हौसाबाईंनी ते काम बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलल्या. म्हणाल्या, "राज्याभिषेक कधी?"

प्रणिता आली. तिच्या नवऱ्याची, आदेशची, डोलवीच्या कंपनीत शिफ्ट होती, म्हणून तो तिला सोडून लगेच परतला. तिने कठड्याला हात लावून बघितला, पायऱ्या चढली, उतरली आणि हसून हसून खाली बसली. मग बापाला म्हणाली की छान झालंय, आणि आईला म्हणाली की खरंच छान झालंय. हौसाबाई विरघळल्या असं नाही, पण त्या दिवशी हैबतरावांच्या ताटात पापड आला.

आता उरले व्याही. कोलाडच्या एका मंडळाची मूर्ती पोचवायला कडू स्वतः टेम्पोबरोबर निघाले होते, आणि परतताना रोह्याला थांबून सूनबाईला बघतो आणि तुमचा तो खंड्याही बघतो, असं त्यांनी कळवलं. त्यांनी बघितला तर नोंद पक्की, कारण त्याहून बाहेरचा साक्षीदार कुठून आणणार? आणि ती नोंद झाली तर रोह्याचं अंगण एका पक्ष्याने पेणच्या पुढे जात होतं.

कडू आले. बोटांना सोनेरी रंग लागलेला. त्यांची खुर्ची पेरूखाली मांडली होती, वर ताडपत्री बांधली होती. हैबतराव शेजारी बसले. खंड्या आला नाही. चहा झाला. खंड्या आला नाही. पोहे झाले, पुन्हा चहा झाला, प्रणिताने काढा करून आणला तो झाला. भिजलेली साळुंकी आली, बुलबुल आला, कृष्णाबाईंची कोंबडी येऊन खुर्चीखाली बसली. कडू सभ्यपणे म्हणाले की असतो एकेकाचा दिवस. हैबतरावांना ते शब्द लागले. इतके दिवस या दोन हातांनी पाणी उपसलं, त्यांना वाटलं, आणि व्याही मनात म्हणत असतील की रोह्याचा माणूस फुगवून सांगतो.

चहाचा व्हायचा तो परिणाम झाला. कडूंनी हळू आवाजात जागा विचारली. हैबतरावांनी पायऱ्या दाखवल्या. कडूंनी पायऱ्यांकडे बघितलं, हैबतरावांकडे बघितलं आणि कठडा धरून चढले.

बराच वेळ झाला. व्याही बाहेर येईनात. आधी हैबतरावांना काही वाटलं नाही. मग उताराची शंका आली. काळुरामाचे शब्द आठवले. मुलीचा सासरा आत असताना दारावर टकटक करावी का, हाक मारावी, आणि मारली तर काय म्हणून, याचा काही रिवाज नाही. हैबतराव पायऱ्यांखाली उभे राहिले, मग दूर गेले, मग परत आले. हौसाबाई ओट्याशी थिजून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. प्रणिताने पदर तोंडाला लावला होता.

शेवटी पाण्याचा आवाज झाला आणि कडी निघाली. कडू वरच्या पायरीवर उभे राहिले.

"व्याही," ते म्हणाले, "धरा तुमच्या यादीत."

जमीन इतकी उचलली गेल्यामुळे झालं होतं असं, की वर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर भिंतीतली हवेची जाळी येत होती, आणि जाळीतून पत्र्याखालची ती भिंत समोर दिसत होती. कडूंनी सरडा घेऊन आलेला खंड्या बघितला, त्याच्यामागून आलेला जोडीदार बघितला, आणि बिळाच्या तोंडाशी येऊन वाकून बघणाऱ्या पिल्लांच्या चोची बघितल्या. पेरूखालून यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं.

हैबतरावांचा आनंद क्षणभर टिकला. मग आतला स्टोअरकीपर जागा झाला. त्यांनी प्रामाणिकपणे शंका काढली की यादी अंगणातून दिसलेल्या पक्ष्यांची आहे, आणि ही जागा अंगणात धरता येईल का?

कडू पायऱ्या उतरून खाली आले. "पाय तुमच्याच आवारात होते की माझे," ते म्हणाले. मग आपल्या सोनेरी बोटांकडे बघत राहिले. "जन्मभर रंग कालवतोय मी. त्याच्या डोक्यावर जो जांभळा आहे ना, तो मला कधी जमला नाय. आणि तो तुमच्या खड्ड्यात बसलाय."

निघताना त्यांनी विचारलं की पिल्लं उडाल्यावर खड्ड्याचं काय. हैबतराव म्हणाले की काळुराम काँक्रीट करील, टाकी तर हवीच. कडूंनी मान डोलावली. पुढच्या पावसात हे त्याच जागी येतात म्हणे, जागा राहिली तर, एवढं म्हणून ते टेम्पोत बसले. हे हैबतरावांनी ऐकलं. दारात हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या हौसाबाईंनीही ऐकलं.

पिल्लं एक एक करून उडाली. शेवटचं दोन दिवस बिळाच्या तोंडाशीच बसून होतं, आणि त्या दोन दिवसांत प्रणिता जाळीपाशी इतक्यांदा गेली की हौसाबाईंना तिच्या पोटाची काळजी वाटली. मग तेही गेलं. गणपती झाले, पाऊस ओसरला, आणि एका सकाळी काळुराम दोन माणसं आणि सिमेंटच्या गोण्या घेऊन दारात आला.

हैबतरावांनी त्या क्षणासाठी भाषण तयार केलं होतं. त्यात कुंडलिका नदीच्या काठची माती होती, निसर्ग होता, येणाऱ्या नातवंडाचा उल्लेख होता. ते घसा साफ करत होते तोच हौसाबाई बाहेर आल्या. त्या काळुरामाला म्हणाल्या, "ह्याला हात लावू नको. टाकी दुसरीकडं खण."

काळुरामाने विचारलं, दुसरीकडे कुठे? एका बाजूला जांभूळ, एका बाजूला विहीर, जागा आहेच कुठे?

हौसाबाईंनी मोरीच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे त्यांचं अळू होतं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी खांब या माहेरच्या गावाहून गड्डे आणून लावलेलं, गल्लीभर कौतुक असलेलं, न खाजणारं अळू. त्यातलं एक पान तोडायला हैबतरावांनाही विचारावं लागायचं.

"अगो, तुझं अळू हाय तिथं," हैबतराव म्हणाले.

"दिसतंय मला," हौसाबाई म्हणाल्या. "बघत काय बसलात? उपटा."

हैबतरावांनी लेंगा गुडघ्यावर बांधला आणि वाफ्यात उतरले. भाषण तसंच राहिलं. त्या आठवड्यात खरिवल्यांकडे दुपारी अळूचं फदफदं आणि रात्री अळूवड्या झाल्या, कृष्णाबाईंकडे गेलं, मोरूशेठकडेसुद्धा गेलं. आदेश प्रणिताला बघायला आला तेव्हा परतताना त्याच्या गाडीची मागची सीट पानांच्या जुड्यांनी भरली होती.

दुसऱ्या दिवशी पेणहून व्याह्यांचा फोन आला. अळू पोचलं म्हणाले, उत्तम आहे, खाजत नाही. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "व्याही, खड्ड्यावरचा पत्रा आहे ना अजून?"

"आहे," हैबतराव म्हणाले. "घरातून हुकूम झालाय, काढायचा नाय म्हणून."